दुधावरचं झाकण

चिनीमातीच्या संग्रहालयात घरचं चिनीमातीचं झाकण घेऊन जायला बंदी आहे की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या दिवशी दारावरच्या रखवालदारालाही ते सांगता आलं नव्हतं. पण ज्या गोष्टीला बंदी नाही तिच्यासाठीसुद्धा माणसाला किती ठिकाणी अडवता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि हे मी म्हणतोय, म्हणजे बघा. मी वीजबिल दुरुस्तीच्या खिडकीवर बसतो. माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात माझा हात धरणारा आमच्या कार्यालयात दुसरा कोणी नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो काही इतिहासाच्या ओढीने नव्हे. शेजारच्या गॅरेजमध्ये माझी स्कूटर उघडून ठेवली होती. मेकॅनिक "हे काय, झालंच" म्हणाला होता, म्हणजे दुपार गेली हे उघड होतं, आणि संग्रहालयात पंखे होते. मी बशा पाहिल्या, मग आणखी बशा पाहिल्या. राजेलोकांचे कप पाहिले, त्यांना कानच नव्हते. राजेलोक बोटं भाजून घेत असावेत. ऐतिहासिक चिनीमाती आणि आपल्या घरची चिनीमाती यांत मला एकच मुख्य फरक दिसला, तो म्हणजे ऐतिहासिक चिनीमातीत कोणी काही वाढून देत नाही. हा विचार बायकोला सांगायचा असं ठरवून मी कोपऱ्यातल्या कपाटाकडे वळलो आणि तिथेच थबकलो.

काचेच्या आत एक गोल, पोट सुटलेलं, दोन कानांचं मोठं भांडं होतं. पांढऱ्या अंगावर निळी वेल आणि वेलीला बारीक नारिंगी फळं. खाली पाटी होती: 'सूप वाढण्याचे भांडे. झाकण उपलब्ध नाही.'

झाकण उपलब्ध होतं. आमच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यावर.

तीच निळी वेल, तीच फळं, आणि वर धरायला एक बसलेलं बदक, टवका उडालेल्या चोचीचं. आमच्या घरात त्याला 'बदकाचं झाकण' म्हणतात. त्याचं भांडं कुठे गेलं, हे आमच्या नात्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते माझ्या आईने फोडलं. लग्न होऊन ती या घरात आली आणि महिन्याच्या आत सासूचं जिवापाड जपलेलं भांडं तिच्या हातून गेलं, अशी ही कथा आहे. कथेची मालकी आत्याकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीकडे. ती तेव्हा शाळकरी पोर होती. तिने स्वतः आवाज ऐकला होता. माझ्या लहानपणी त्या भांड्याचे दोन तुकडे झाले होते. माझ्या मुंजीच्या वयात पाच-सहा झाले. हल्ली आत्या "नुसता चुरा, चुरा" असं म्हणते. आत्याकडे गेलं की सगळ्यांना कपबशीत चहा मिळतो आणि माझ्या आईला स्टीलच्या पेल्यात. "हो, उगीच धोका कशाला," असं हसत म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. आईही हसते. लहानपणी मीही हसायचो, मग कधीतरी हसू येईनासं झालं.

आता ते भांडं माझ्यासमोर धडधाकट उभं होतं. साधा चरासुद्धा नाही. जर ते आमचंच असेल, तर आईने ते फोडलेलं नाही. आणि ते आमचंच आहे हे सिद्ध करायला एकच गोष्ट करायची होती, झाकण आणून त्यावर ठेवायचं. इतकं सोपं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तडक घरी निघालो. स्कूटर अर्थातच झाली नव्हती.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल. बदकं काय एकच असतात का? जाऊ दे रे आता." मला वाटलं, बिचारी खचली आहे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आधी खात्री करा, मग गावभर करा." हा सल्ला फार चांगला होता, पण तो येईपर्यंत मी आत्याला फोन करून मोकळा झालो होतो.

आत्या म्हणाली, "शक्यच नाही. मी आवाज ऐकलाय. पण तू म्हणतोस तर मीही येते. माझ्या आईचं भांडं मी अंधारातसुद्धा ओळखेन, तुम्ही कुठलंही दाखवून वहिनीला सोडवाल."

मग शेजार जागा झाला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहतात. ते कुठलीही बातमी 'खात्रीलायक सूत्रांकडून' आणतात, म्हणून त्यांचं नावच खात्रीलायक काका पडलं आहे. ते मोजपट्टी घेऊनच खाली आले. झाकण उलटं, सुलटं, आडवं मोजून म्हणाले, "एक सांगतो. झाकण त्यांच्या हातात द्यायचं नाही. सरकारी वास्तूत गेलेली वस्तू परत येत नाही, हे खात्रीलायक आहे. माझी छत्री गेलीय." समोरच्या विमावाल्या वहिनींचं म्हणणं, झाकणाचा विमा उतरवल्याशिवाय ते घराबाहेर काढणं म्हणजे वेडेपणा. इतकी वर्षं ते उकळत्या दुधाच्या वाफेवर बिनविम्याचं बसलं होतं, हे मी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तेच तर. नशीब म्हणून किती दिवस काढायचे?"

झाकण न्यायचं कशात, यावर दोन दिवस चर्चा झाली. पुठ्ठ्याचं खोकं काकांनी बाद केलं. भुशाची पिशवी बायकोने बाद केली, कारण भुसा झाडायला तिलाच लागला असता. शेवटी माझं हेल्मेट निघालं. माणसाचं डोकं सांभाळायला केलेली वस्तू झाकण का सांभाळणार नाही? माझ्या लोकरी स्वेटरात गुंडाळून बदक त्यात बरोबर बसलं. मला क्षणभर वाईट वाटलं. त्या हेल्मेटात माझं डोकं इतकं नीट कधी बसलं नव्हतं.

अशा थाटात आम्ही निघालो. मी, हेल्मेट मांडीवर घेतलेली बायको, आई आणि आत्या. आई रिक्षाबाहेर बघत होती. आत्या रिक्षावाल्याला आवाज कसा आला होता ते सांगत होती.

संग्रहालयाच्या दारात रखवालदाराने हेल्मेटात डोकावून पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"हे काय?"

"झाकण," मी म्हणालो. ताकाला जाऊन भांडं का लपवा?

"चिनीमातीचं?"

"हो."

"हे आत न्यायला माझी हरकत नाही," तो विचार करून म्हणाला. "पण बाहेर आणायला आहे. आतून चिनीमाती बाहेर आली की पकडायची, हीच माझी नोकरी. तुम्ही बाहेर येताना हे तुमचंच कशावरून?"

"पण तुम्ही आत्ता स्वतः बघताय ना?"

"माझी पाळी दोन वाजता संपते. मग दुसरा येईल. त्याने कुठे बघितलंय?"

खरं सांगतो, रागाबरोबर मला त्याचं कौतुकही वाटलं. असा माणूस आमच्या खात्यात हवा होता. सामान ठेवण्याच्या खोलीत झाकण ठेवावं म्हटलं तर तिथला माणूस फुटणाऱ्या वस्तू घेत नव्हता. फुटणारी वस्तू घ्यायची तर नोंद अधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि ते पहिल्या मजल्यावर, म्हणजे आत. मी एकटा आत गेलो. नोंद अधिकारी सडपातळ आणि अत्यंत सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा त्यांचा मोठाच दोष.

"वस्तू पाहिल्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही," ते म्हणाले.

"मग खाली या."

"खाली येतो. पण माझा अधिकार उंबरठ्यापर्यंत. बाहेरच्या वस्तूवर मी मत देऊ शकत नाही."

"आणि रखवालदार आत आलेली वस्तू परत बाहेर येऊ देत नाही."

"बरोबर आहे त्याचं," ते मनापासून म्हणाले.

मग जे झालं ते असं. नोंद अधिकारी दाराच्या आत उभे राहिले. माझी बायको बाहेर पायरीवर उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी झाकण पुढे धरलं, ते बरोबर उंबरठ्यावर, अर्धं आत, अर्धं बाहेर. बदकाचं तोंड आत होतं, शेपूट बाहेर. रखवालदार वाकून रेषा तपासत होता. अधिकाऱ्यांनी हात मागे बांधून, मान लांब करून झाकणाची वेल निरखली. माझ्या बायकोचे हात भरून आले तसं ते झाकण थोडं आत झुकलं, तर रखवालदार म्हणाला, "ताई, मागे. मागे घ्या." मागे तिकिटांची रांग तुंबली. रांगेतल्या एकाने विचारलं, "इथे झाकण दाखवायला लागतं का? आम्ही नाही आणलं."

"साम्य वाटतं," अधिकारी अखेर म्हणाले. "पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. भांड्याच्या तोंडाचं माप मिळालं असतं तर..."

इथे माझी बुद्धी चालली. म्हणजे मला तसं वाटलं. खात्रीलायक काकांची मोजपट्टी माझ्या खिशात होती. झाकणाचं माप मला पाठ होतं. आता फक्त वर जाऊन काचेबाहेरून अंदाजाने भांड्याच्या तोंडाचं माप घ्यायचं. मी वर गेलो, मोजपट्टी ताणली, एक डोळा मिटला आणि नेम नीट लागावा म्हणून काचेवर कपाळ टेकवलं.

त्या इमारतीत इतका मोठा आवाज करणारी घंटा असेल असं बाहेरून मुळीच वाटत नाही.

पुढच्या क्षणाला मी रखवालदाराच्या खोलीत स्टुलावर बसलो होतो, समोर पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखी मोजपट्टी. मी तक्रार निवारण करणारा माणूस, आणि माझ्याकडे दोन शाळकरी पोरं 'चोर कसा दिसतो' म्हणून दारातून बघत होती. मी चेहरा शक्य तितका सुशिक्षित ठेवला. आत्या आली आणि आईकडे वळून म्हणाली, "हात तुझेच आलेत हो याच्यात. एक तू फोडलंस, आता दुसरं हा फोडायला निघालाय."

आईने माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला घंटेपेक्षा जास्त लागलं. मी तिला सोडवायला आलो होतो आणि तिच्यावर आणखी एक भांडं लादून बसलो होतो.

घंटा ऐकून संग्रहालयाच्या प्रमुख बाई खाली आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. त्यांनी नोंद अधिकाऱ्यांचं म्हणणं ऐकलं, रखवालदाराचं ऐकलं, माझ्याकडे फार वेळ बघायचं टाळलं आणि मग बायकोच्या हातातल्या हेल्मेटात डोकावल्या. बिस्किट त्यांनी तसंच नोंद अधिकाऱ्यांच्या हातात दिलं.

"याची मी नोकरीला लागल्यापासून वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "आत आणा."

"पण बाई, नियम," नोंद अधिकारी बिस्किट धरून म्हणाले.

"नियमात बसवा."

नियमात बसवलं ते रखवालदाराने. आत येणाऱ्याला एकच प्रकारचा पास देता येतो, असं म्हणून त्याने दोरीचा पास काढला आणि बदकाच्या गळ्यात घातला. पासावर 'अभ्यागत' असं छापलं होतं. संग्रहालय बंद व्हायच्या आत अभ्यागताने बाहेर पडावं, एवढं बजावून त्याने आम्हाला सोडलं.

वरच्या दालनात बाईंनी मोजे चढवून कपाट उघडलं आणि भांडं मऊ कापड अंथरलेल्या टेबलावर ठेवलं. घंटेमुळे जमलेली माणसं पांगली नव्हती, ती भिंतीला लागून उभी राहिली. बाईंनी बदकाच्या गळ्यातला पास काढला, झाकण उचललं आणि आईकडे पाहिलं.

"इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत ना? मग तुम्हीच ठेवा."

"अहो, नको नको," आत्या पुढे झाली. "हिच्या हातात नका देऊ. हिनेच तर फोडलं होतं. मी आवाज ऐकलाय." आणि तिने ती अख्खी कथा, चुऱ्यासकट, त्या अनोळखी माणसांसमोर सांगितली. समोर भांडं अख्खं उभं आहे, याचा तिच्या सांगण्यावर काही परिणाम झाला नाही. माझे कान तापले. मी काहीतरी बोलणार होतो, पण बायकोने माझा दंड धरला.

बाईंनी आत्याचं सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि मोज्यांची दुसरी जोडी आईपुढे धरली.

आईने मोजे घातले. तिची बोटं वयाने वाकडी झाली आहेत, मोज्यात नीट जाईनात. तिने घाई केली नाही. झाकण दोन्ही हातांत घेतलं. दालनात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. नोंद अधिकाऱ्यांनी डोळे मिटले होते. आईने झाकण भांड्यावर टेकवलं, किंचित फिरवलं, आणि ते 'टक' असा बारीक आवाज करून बसलं. वेल खालून वर गेली ती कुठेही न तुटता. बाईंनी कडेला बोट लावून हलवून पाहिलं. ते हललं नाही.

कोणीतरी टाळी वाजवली. बहुतेक रखवालदाराने.

"पण मी आवाज ऐकला होता," आत्या म्हणाली. या वेळी ती हळू म्हणाली.

"ऐकला असणार, वन्सं," आई म्हणाली. "मामंजींच्या हातून पितळी तांब्या पडला होता. भांडं कोटाखाली लपवून मागच्या दाराने निघाले होते ते."

मग आईने सांगितलं. आजी मोठ्या आजारातून उठली होती. तिला बरं करणाऱ्या डॉक्टरांनी जाता जाता त्या भांड्याची तारीफ केली, आणि आजोबा इतके भारावले की दुसऱ्या दिवशी ते उचलून देऊन आले. (संग्रहालयाला ते डॉक्टरांच्याच घरून मिळालं, हे बाईंनी नंतर नोंदवहीत दाखवलं.) झाकण राहिलं, कारण ते तेव्हा दुधावर होतं. दिल्यावर त्यांना प्रश्न पडला, आता आजीला काय सांगायचं. आजोबा गावात वाघ होते, पण आजीपुढे त्यांचा आवाज फुटत नसे. नव्या सुनेने त्यांना जाताना पाहिलं होतं. ते तिला म्हणाले, "सूनबाई, चार दिवस गप्प राहा. मी योग्य वेळ बघून सांगतो."

"मग?" आत्याने विचारलं.

"मग योग्य वेळ आलीच नाही. सासूबाई भांडं शोधायला लागल्या तेव्हा ते शेजारीच उभे होते. माझ्याकडे नुसते बघत राहिले. म्हटलं, जाऊ दे, माझ्या हातून फुटलं म्हणून सांगू. आणि पुढे तेही गेले. गेलेल्या माणसाला खोटं पाडून मी काय मिळवणार होते?"

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मी इथे काचेवर डोकं आपटून घेतलं, आणि तुला सगळं माहीत होतं."

"मी तुला म्हटलं होतं ना, जाऊ दे म्हणून. तू ऐकतोस कुठे? तुझ्या आजोबांवरच गेलायस. आधी उठून चालायला लागायचं, मग विचार."

मी मोठ्या माणसाच्या वळणावर गेलोय हे ऐकून मला बरं वाटलं, पण ते नंतर. त्या क्षणी मी आईकडेच बघत होतो. सगळ्या गोतावळ्याने जिला हसून घेतलं, ती बाई एका घाबरट म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळत बसली होती, आणि स्टीलच्या पेल्यातून चहा पीत हसत होती. मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा कळेना. मी स्वेटर घडी करत बसलो.

आत्याने डोळे पुसले. "माफ कर" हे शब्द आमच्या घराण्यात कोणाला उच्चारता येत नाहीत, तो आनुवंशिक दोष आहे. ती बाईंकडे वळली आणि छाती पुढे काढून म्हणाली, "बघितलंत ना? आमच्या वहिनीच्या हातात वस्तू दिली की निर्धास्त राहावं. इतक्या वर्षांत झाकणाला ओरखडा नाही."

"चोचीचा टवका?" नोंद अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तो माझ्या हातून," आत्या म्हणाली. ही कथा आम्ही प्रथमच ऐकत होतो.

झाकण परत न्यायचं की नाही, हे आईवर सोडलं. ती म्हणाली, "राहू दे इथेच. दुधावर ताटली ठेवीन." अभ्यागताने बाहेर पडायलाच हवं, या मुद्द्यावर रखवालदार थोडा वेळ अडून बसला होता, पण बाईंनी त्याला समजावलं. पुढे मी तीन वेळा त्या इमारतीत जाऊन दानाचे सोपस्कार पुरे केले आणि प्रत्येक वेळी मला दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यात आलं. मी चकार शब्द काढला नाही. आमच्या कार्यालयात मात्र हल्ली मी समोरच्याला त्याच खिडकीवर उत्तर देतो, त्यामुळे सहकारी काळजीत आहेत.

पाटी बदलली तेव्हा आम्ही सगळे पाहायला गेलो. खात्रीलायक काकाही आले. त्यांना म्हणे हे भांडं असंच सापडणार हे आधीपासून खात्रीलायक होतं. मी नवी पाटी मोठ्याने वाचून दाखवत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की आई आमच्याजवळ नाही. ती कपाटाच्या पलीकडे उभी होती. परगावाहून आलेलं कुठलंसं कुटुंब भांडं पाहत होतं आणि आईने त्यांतल्या सूनबाईचा हात धरून तिला अगदी जवळ नेलं होतं.

"नीट बघ," आई काचेकडे बोट करून तिला सांगत होती. "हे मी फोडलेलं भांडं आहे."